टक

आवाज चालू राहिला ही चूक त्या व्हिडिओवाल्या मुलीची. पण तिला चूक म्हणायचं, तर माझ्या गेल्या सात महिन्यांना काय म्हणायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती रोज सकाळी आदल्या सामन्यांचे तुकडे कापून ठेवते आणि आम्ही ते मुके बघतो, कारण आमच्या प्रशिक्षकाचं म्हणणं असं की आवाज असला की माणूस बघायचं सोडून ऐकत बसतो. त्या रविवारी सकाळी तिचा घसा बसला होता. ती गरम पाणी आणायला गेली आणि पडद्यावरचा पुढचा तुकडा आवाजासकट सुरू झाला. बुटांची किरकिर, चेंडूची धपधप, आमच्या उंच खेळाडूचा, म्हणजे लांब्याचा, धापा टाकल्याचा आवाज. लांब्या आडवा उभा राहिला, त्याच्या आडोशाने काडी पुढे सरकला. काडी म्हणजे आमचा वीस वर्षांचा मुलगा, खांद्यावर शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसतो, त्याच्याबद्दलच हे सगळं आहे. तेवढ्यात एक बारीक, कोरडा आवाज आला. टक. आणि काडीने मान न वळवता चेंडू डाव्या कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या माणसाला, म्हणजे आमच्या डावऱ्याला, दिला. हा पास मी माझ्या वहीत 'अप्रतिम' असा शेरा मारून नोंदवला होता. शेरे मारण्याच्या बाबतीत मी कंजूष आहे. मी तुकडा मागे नेला. टक, पास. पुढचा लावला. टक टक, आणि चेंडू आत, थेट बास्केटखाली. त्या खोलीत एकोणीस पास मी ऐकले. होय, ऐकले. त्यातल्या पंधरांच्या आधी तो आवाज होता. कॅमेऱ्याचा माइक टेबलाच्या कडेला लावलेला असतो आणि त्या टेबलाला लागूनच बाकावरची शेवटची जागा माझी. आता मला कळत होतं की तो आवाज माझ्या पेन्सिलीचा होता, वहीखालच्या लाकडी फळीवरचा.

मुलगी कप घेऊन आली. "अय्या, आवाज चालूच राहिला का? सॉरी हं काका." मी म्हटलं, असू दे. तिने पडद्याकडे पाहिलं, मान तिरकी केली. "हे टकटक काय वाजतंय?" सत्तरीच्या माणसाच्या तोंडून खोटं किती झटकन निघतं! "नळाचा पाइप असेल," मी म्हणालो. ती म्हणाली, "या इमारतीत ना, सगळंच ढिलं आहे," आणि तिने आवाज बंद केला.

आमचा संघ दुरुस्तीला काढलेल्या घरासारखा आहे, हे वाक्य माझं नव्हे, प्रशिक्षकाचं. दोन वर्षांपूर्वी त्याने सगळे नावाजलेले खेळाडू देऊन टाकले आणि मालकांना सांगितलं की आता तीन वर्षं धूळ खायची तयारी ठेवा. जुन्यांपैकी एकटा कप्तान उरला, गुडघ्याला पट्टी बांधून. इतर संघ खेळ रचणारा माणूस बाहेरून विकत आणतात, म्हणजे ज्याच्या हातात चेंडू असला की बाकीचे चौघे शहाणे वाटायला लागतात असा. आमच्या प्रशिक्षकाला तो विकत नको होता. "बाहेरून आणलेला दुसऱ्याच्या घराचा नकाशा डोक्यात घेऊन येतो," तो म्हणायचा, "आणि आमच्या भिंतींना डोकं आपटतो." तेव्हा रचणारे घरीच वाढवायचे असं ठरलं. तीन पोरांच्या हातात आळीपाळीने चेंडू दिला, दोघं गळाली, काडी राहिला. आणि ते मोजायला मी. बत्तीस वर्षं मी ग्रंथालयात काढली आणि संध्याकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवला. त्या मुलांपैकीच एक म्हणजे हा प्रशिक्षक, म्हणून तो मला अजून सर म्हणतो आणि बाकीचे काका म्हणतात. किती पास दिले ते कुणीही मोजेल. मी नजर मोजतो. वहीत माझे तीन रकाने आहेत: दिसलं आणि दिलं, दिसलं पण दिलं नाही, दिसलंच नाही. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण हात शिकवता येतात, डोळे शिकवायला फार वेळ लागतो. काडीचा तिसरा रकाना महिन्यागणिक रिकामा होत गेला तेव्हा मला घरी जाताना शीळ वाजवावीशी वाटायची, आणि मला शीळ येत नाही. त्या रविवारी दुपारी चारला हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटून दुसरा सामना होता. सोमवारी सकाळी प्रशिक्षकाने वर एक नाव कळवायचं होतं. काडीचं दिलं तर पुढची तीन वर्षं चेंडू त्याचा आणि कप्तानाला नारळ. कप्तानाचं दिलं तर काडी दुसऱ्या फळीत, जिथून परत आलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. आणि प्रशिक्षक नाव देणार होता ते माझ्या वहीवरून.

मी जेवायला घरी गेलो नाही. मैदानाच्या मागे सामान ठेवायची खोली आहे, तिथे हवा गेलेल्या चेंडूंच्या जाळीशेजारी बसून राहिलो. रबराचा वास येत होता. मी खिशातली पेन्सिल काढली आणि फळीवर धरली आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली, की मुद्दाम ठरवून मला तो आवाज काढताच येईना. कधी फार मोठा यायचा, कधी खोटा. म्हणजे तो मी करत नव्हतो, तो माझ्याकडून होत होता, डोळ्याची पापणी लवावी तसा. मोकळा माणूस मला दिसायचा आणि माझं सबंध अंग त्या दिशेने झुकायचं आणि अंगाचं टोक म्हणजे पेन्सिल. शब्दांच्या नादी लागायची माझी जुनी खोड आहे, नको तेव्हा ती वर येते. टक म्हणजे आवाज, आणि टक म्हणजे लावून धरलेली नजर. टक लावून बघत बसणं एवढंच आयुष्यभर केलं असं मी स्वतःबद्दल समजत होतो. दुसरी टक मला ऐकूच आली नव्हती. आणि मग परगावच्या सामन्यांचं मला आठवलं. तिथे काडी बुजल्यासारखा खेळायचा, तिसरा रकाना भरून वाहायचा. आमच्या मैदानावर टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकीच माणसं येतात, हरणाऱ्या संघाचं वैभव. तिकडे हजारोंचा गोंगाट. मी अहवालात लिहिलं होतं: 'परक्या मैदानावर आत्मविश्वास कमी पडतो.' अक्षर माझं चांगलं आहे. वाईट गोष्ट चांगल्या अक्षरात लिहिली की खरी वाटते.

रबराच्या वासाने असेल, मला खोडरबर आठवलं. माझा मुलगा आठ वर्षांचा होता, अडखळत बोलायचा. दुकानात त्याला खोडरबर हवं होतं. तो 'ख' वर थांबला, ओठ नव्हे, गळाच अडला, मानेची शीर दिसायला लागली, आणि मी म्हणालो, खोडरबर. दुकानदाराने काढून दिलं. मला माझ्या मदतीच्या वेगाचा अभिमान होता, हे मी लपवणार नाही. वाक्य सुरू झालं की शेवट मला दिसायचा, मोकळा उभा, आणि मी तो देऊन टाकायचो. जेवताना, शाळेच्या फाटकाशी, पाहुण्यांसमोर. त्याच्या आईने एकदा म्हटलं होतं, "अहो, घास त्याच्या तोंडात आहे, तुम्ही कशाला चावताय?" मी हसण्यावारी नेलं. आता तो पंचेचाळिशीचा आहे, दूर असतो, कारखान्यात नवीन माणसांना यंत्रं समजावून सांगतो, सभागृहं भरून. मी सुनेला एकदा हळूच विचारलं, की फार अडखळतो का गं अजून? ती खरोखर गोंधळली. "अडखळतात? हे? बाबा, मी तर कधी ऐकलं नाही." आणि तरी फोनवर माझ्याशी बोलताना तिसऱ्या वाक्याला तो थांबतो. आणि मी, अजूनही, शब्द देतो.

प्रशिक्षकाच्या खोलीचं दार उघडंच असतं. मी दोन वेळा त्यावरून पुढे गेलो. तिसऱ्या वेळी तोच म्हणाला, "सर, चकरा मारताय की आत येताय?" मी उभ्यानेच सांगितलं. घाईघाईने, आकडे आधी, पंधरा आणि एकोणीस, मग पेन्सिल. त्याने बुटाची नाडी बांधता बांधता ऐकलं, मान वर केली नाही. मला वाटलं चिडेल. तो हसला, पण ते हसू काही मला आवडलं नाही.

"पेन्सिल होय! म्हणजे प्रगती आहे," तो म्हणाला. "आमच्या वेळी खोकायचात."

"कोण?"

"तुम्ही सर, अजून कोण? आम्ही खोकला-सर म्हणायचो तुम्हाला. एक खोकला, डावीकडे. घसा खाकरला, तर उजवीकडे. दोन वर्षं मी जिल्ह्यात पहिला होतो. मग मोठ्या संघात गेलो आणि तिथे कुणी खोकेचना." तो नाडी बांधत राहिला, बांधलेलीच पुन्हा सोडून. "सहा महिन्यांत परत आलो. म्हणून तर प्रशिक्षक झालो."

"मला सांगितलं नाहीस कधी."

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मुद्दाम करता. मला वाटलं, यालाच शिकवणं म्हणतात."

खोलीत घामाचा, मलमाचा वास होता. चाळीस वर्षांत किती मुलं झाली असतील ते मोजायला मन आपोआप निघालं आणि मी त्याला थांबवलं. "तर वहीतलं खोडून टाक," मी म्हणालो. "नाव देताना ते धरू नकोस."

"मग काय धरू? उद्या नऊ वाजता वर जायचंय मला." तो उठला. बसलेला असला की मला तो शाळकरी दिसतो, उठला की दिसत नाही. "आज चार क्वार्टर आहेत. मी काडीला बाहेर काढणार नाही, काही झालं तरी. तुम्ही फक्त गप्प बसून दाखवा."

गप्प बसणं हे काम आहे हे मला माहीत नव्हतं. मी पेन्सिल मुलीकडे देऊन तिच्याकडून एक मऊ टोकाचं पेन घेतलं आणि फळीऐवजी वही मांडीवर धरली. सामना सुरू झाला. पहिल्याच मिनिटाला लांब्या आडवा आला, काडी सरकला, आणि डावीकडे माणूस मोकळा झाला, मला स्वच्छ दिसला, आणि माझा बूट जमिनीवरून उठायला लागला. मी तो दुसऱ्या पायाने दाबला. काडीने चेंडू एकदा आपटला, दोनदा आपटला. तो वाट बघत होता. त्याचा डावा कान, हो, कानच, किंचित आमच्या बाकाकडे वळला होता, आणि हे मी सात महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं, नजर मोजणाऱ्या माणसाने. समोरच्याने चेंडू खेचून नेला. पुढच्या वेळी माझा घसा खवखवला. तोंडावर रुमाल धरला. जीभ टाळूला लागत होती, बोटांची पेरं मोडावीशी वाटत होती, बाक करकरू नये म्हणून मी श्वास अर्धा घेत होतो. माणसाच्या शरीरात आवाज करायच्या किती जागा आहेत! पहिल्या क्वार्टरमध्ये काडीने तीन वेळा चेंडू घालवला, दुसऱ्यात आणखी तीन. वर कुणीतरी ओरडलं, "अरे काडी, ओली आहेस का, पेट ना!" आणि चार टाळक्यांनी दाद दिली.

कप्तान माझ्या शेजारी होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. "काका, पोराला आज काय झालंय?" मी मान हलवली. "मला काय," तो म्हणाला, "माझं भलंच आहे. हा असाच खेळला तर माझी दोन वर्षं पक्की. धाकटी यंदा शाळेत जाईल." मग थोड्या वेळाने, अगदी खालच्या आवाजात: "पण बघवत नाही हो. तो बघा, डावऱ्या मोकळा आहे केव्हाचा. ओरडू का?" आणि मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. एवढ्या जोरात ठेवला की तो माझ्याकडे बघतच राहिला. त्या क्षणी मी कुणाचं नुकसान करत होतो ते मला सांगता आलं नसतं. कदाचित दोघांचंही. कदाचित हा सगळा प्रकार म्हणजे माझ्या मनाची टापटीप, पोराच्या पोटावर पाय देऊन स्वतःची वही स्वच्छ ठेवायची.

मध्यांतरात काडी पाण्याची बाटली घेऊन मुद्दाम माझ्या बाजूने गेला. चेहरा पांढरा पडला होता. वाकून म्हणाला, "काका, बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे."

"नाही, म्हणजे..." तो माझ्या हाताकडे बघत होता, मऊ पेनाकडे. "बरे आहात ना नक्की?"

"खेळ तू," मी म्हणालो. बत्तीस वर्षं पुस्तकांत बसून एवढे दोन शब्द.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने चेंडू हातात घेतला आणि उभा राहिला. डोक्यावरच्या घड्याळात चोवीस सेकंद असतात, तेवढ्यात बास्केटकडे फेकलं पाहिजे. अठरा. लांब्या आडवा आला, परत गेला. चौदा. डावऱ्या कोपऱ्यात हात वर करून उभा. मला दिसत होता. मला आणखी एक दिसत होता, मागच्या बाजूला. दहा. काडीच्या मानेची शीर उठली होती. कान मात्र वळला नाही. सात. माझ्या तोंडात शब्द तयार होता, ओला, पूर्ण, नुसता ओठ उघडायचा अवकाश. चार. मी डोळे मिटले, कारण दिसणं बंद केल्याशिवाय गप्प बसता येणार नव्हतं. भोंगा वाजला. वेळ संपली, चेंडू गेला. वरून शिट्ट्या. मी डोळे उघडले तेव्हा काडी जागेवरच उभा होता आणि मैदानाकडे अशा तऱ्हेने बघत होता की जणू कुणी रात्रीतून फर्निचर हलवलंय.

शेवटच्या क्वार्टरमध्ये मध्येच, कितव्या मिनिटाला ते मी लिहायला विसरलो, त्याने एक पास दिला. डावऱ्या मोकळा होता, तिकडे नाही. लांब्या आत होता, तिकडे नाही. त्याने चेंडू रिकाम्या जागेत टाकला, जिथे कुणीच नव्हतं, आणि मी मनात म्हणालो, गेला. आणि एक आमचाच माणूस त्या जागेत आला. मला तो येताना दिसला नव्हता. बास्केट झाली. कप्तानाने बर्फाची पिशवी खाली ठेवली. मी वही उघडली आणि बघितलं तर माझ्या तिन्ही रकान्यांत त्या पासला जागा नव्हती. मला दिसलंच नाही, असा रकाना मी कधी आखला नव्हता.

अकरा गुणांनी हरलो. बोळात काडीने मला गाठलं. केस ओले, टॉवेल गळ्यात. "बंद का केलंत?"

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"तिसऱ्या सामन्यापासून. एक टक म्हणजे कोपरा, दोन म्हणजे आत. तुम्हीच तर..." मग त्याला माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. "म्हणजे मुद्दाम नव्हतात करत?"

"नाही रे."

"आयला." तो भिंतीला टेकला. "मग आधी सांगायचं ना मला! नऊ वेळा चेंडू घालवला मी काका, नऊ! मला वाटलं, तुम्हाला झटका-बिटका आला. अर्धा वेळ मी तुमच्याच काळजीत." त्याचा आवाज चिरकला. रागावला होता, आणि त्याचा राग बरोबर होता. सांगून त्याला तयार करायला हवं होतं, की न सांगता पाण्यात ढकलायला, हे मला त्या बोळात कळलं नाही, अजूनही नाही.

"तो शेवटचा पास," मी विचारलं, "काय दिसलं तुला?"

"काही नाही. नुसते हात दिसले, त्यांचे. सगळीकडे हात. म्हटलं हात नाहीत तिथे टाकू." आणि तो टॉवेलने तोंड पुसत आत गेला, 'येतो' न म्हणता.

प्रशिक्षक दारात उभा होता. किती ऐकलं कोण जाणे. "नऊ चुका," तो म्हणाला.

"नऊ."

"त्यातल्या किती त्याच्या स्वतःच्या?"

"सगळ्या."

"मग झालं तर." त्याने एक लांब श्वास सोडला. "कप्तानाला मीच सांगतो. तुम्ही त्याच्याकडे बघू नका आज, तुमच्या चेहऱ्यावर सगळं छापील दिसतं." तो निघाला, थांबला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि सर, पुढच्या सामन्यापासून तुम्ही बाकावर नको. वर बसा. वरून लिहा."

मी बरं म्हणालो. त्याला कठीण गेलं असणार ते, म्हणून लगेच म्हणालो. घरी आल्यावर हिने विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, जागा बदलली. ती म्हणाली, खिडकीची मिळाली का?

पुढच्या रविवारी मी जिना चढून वर गेलो. प्रत्येक टप्प्यावर थांबलो. वरून मैदान लहान दिसतं, एखाद्या पानासारखं, दहाही माणसं एका नजरेत मावतात, आणि इतकी वर्षं मी खाली बसून काय बघत होतो असं वाटलं. आवाज मात्र तिथपर्यंत येत नाही, आणि तिथून खालीही जात नाही. काडीच्या हातात चेंडू होता. कप्तान बाकावर टोकाला बसला होता, माझ्या जागेवर. लांब्या आडवा आला आणि उजवीकडे, अगदी कडेला, एक माणूस मोकळा झाला, इतका मोकळा की मी वही सोडून उभाच राहिलो, दोन्ही हात पुढे, तोंड उघडं.

"ओ आजोबा," मागून कुणीतरी म्हणालं, "बसा ना खाली. आम्हाला दिसत नाही."

मी बसलो.